हॉर्न पाचवर होता

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पुण्यातले एक वाचक, वय ५३. बटणांच्या फोनवर जावा गेम जोरात चालत होते त्या काळात, २००४ ते २००९ दरम्यान, त्यांनी घाटातून मालट्रक हाकण्याचा एक गेम केला. त्याचे तीन भाग निघाले. पहिला त्यांनी घरी, रात्री जागून केला आणि एका कंपनीला विकला. मग त्याच कंपनीत नोकरीला लागून पुढचे दोन केले. ती कंपनी नंतर विकली गेली आणि घेणाऱ्यांनी ती बंद करून टाकली. हे गृहस्थ साध्या सॉफ्टवेअर नोकरीकडे वळले. ती नोकरी गेल्या वर्षी सुटली. अलीकडे एका तरुणाने तो जुना गेम खेळतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि त्याखाली अडीच हजारांच्या आसपास प्रतिक्रिया आल्या. ‘काका, चौथा भाग काढा’, ‘हॉस्टेल आठवलं’, ‘पैसे घ्या पण काढा’. त्यांना आता चौथा भाग करायचा आहे. खर्चाचा अंदाज दीड कोटी, मुदत दीड वर्ष. ६० लाख लोकांकडून, ५० लाख पीएफ आणि ठेवींतून, उरलेले ४० लाख एका मित्राकडून. पत्नी म्हणतात, ‘तुमच्या मनाला येईल ते करा.’ त्यांचे प्रश्न दोन: लोकांकडे पैसे मागायची योग्य रीत कोणती? आणि घरचे पैसे घालावेत का?

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण ती माझी जुनी खोड आहे. अठरा वर्षं मी गेम करणाऱ्या कंपन्यांत वेळापत्रक आणि हिशेब सांभाळले. म्हणजे उत्साही माणसांना ‘किती दिवस आणि किती पैसे’ असं विचारून त्यांचा रोष ओढवून घेणं, हेच माझं काम. तेव्हा थोडा रोष तुमचाही येऊ द्या.

पेन्सिलीने मी एक गोष्ट मोजली. तुमच्या चार पानांत जुन्या गेमबद्दल साडेतीन पानं आहेत. ६४ केबीत सगळा घाट कसा कोंबला, १२८ बाय १२८ च्या पडद्यावर वळण दिसावं म्हणून ट्रक किती लहान करावा लागला, एकाच गेमच्या वेगवेगळ्या हँडसेटसाठी किती आवृत्त्या काढाव्या लागल्या. वाचताना मला मजा आली, खोटं कशाला सांगू. पण चौथ्या भागात खेळणाऱ्याने नेमकं काय करायचं आहे, यावर तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत आणि त्यातल्या दोन ओळी ग्राफिक्स किती सुंदर असतील यावर आहेत. पैसे देणारा कोणीही, मग तो पब्लिशर (म्हणजे गेमला पैसे पुरवून तो बाजारात आणणारी कंपनी) असो, मित्र असो की व्हिडिओखालचा मुलगा, त्या चार ओळींचे पैसे देणार आहे. साडेतीन पानांचे पैसे कोणी देत नाही. ती पानं लोक फुकट वाचतात आणि हळवे होतात.

आता त्या अडीच हजार प्रतिक्रियांकडे येऊ. तुमची सगळी मांडणी त्यांच्यावर उभी आहे.

परदेशात जुन्या मालिकांचे निर्माते लोकवर्गणीतून परतले, ही उदाहरणं तुम्ही दिली आहेत आणि ती खरी आहेत. ‘शेनमू’चे यू सुझुकी २०१५ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आले, २० लाख डॉलर मागितले आणि ६३ लाख उभे राहिले. देणारे ६९ हजारांवर. कोजी इगाराशींनी ‘कॅसलव्हेनिया’च्या वळणाचा ‘ब्लडस्टेन्ड’ त्याच वर्षी मांडला. ५ लाख मागितले, ५५ लाख मिळाले, देणारे जवळपास ६५ हजार. ‘सुइकोडेन’चे योशिताका मुरायामा २०२० मध्ये ‘एयुदेन क्रॉनिकल’ घेऊन आले. ४६ हजार लोकांनी ४५ लाख डॉलरहून जास्त दिले. डोळे दिपवणारे आकडे आहेत. पण भागाकार करून पाहा. तिन्ही ठिकाणी माणशी ८५ ते १०० डॉलर पडतात. हे कोण लोक होते? लहानपणी ज्यांच्या घरी गेमची सीडी दुकानातून, पूर्ण किंमत मोजून आली होती, ते. गेम म्हणजे पैसे देऊन घ्यायची वस्तू, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. मोठे होऊन कमावते झाल्यावर त्यांनी त्याच सवयीने खिशात हात घातला.

आपल्याकडे तुमचा गेम कसा पसरला, आठवा. काहींनी एसएमएस पाठवून घेतला, बॅलन्समधून पैसे कापले गेले, त्यातला मोठा वाटा टेलिकॉम कंपनीकडे गेला आणि तुमच्या कंपनीच्या हाती उरलंसुरलं आलं. पण ते थोडेच. बाकीच्यांनी? ब्लूटूथवरून. शेवटच्या बाकावर एकाकडे आला की तासाभरात अख्ख्या वर्गाकडे. किंवा कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की गाणी, वॉलपेपर आणि वीस गेम एकदम भरून मिळायचे, त्यात तुमचा ट्रक. म्हणून तर तो साताऱ्यापासून चंद्रपूरपर्यंत सगळ्यांना आठवतो! तुमच्या गेमवर लोकांचं प्रेम आहे, यात मला शंका नाही. पण ते फुकटात वाढलेलं प्रेम आहे. त्यात खोट काही नाही, फक्त त्याचा हिशेब वेगळा लागतो.

झाडून सगळ्या अडीच हजार जणांनी पाचशे रुपये दिले, तरी साडेबारा लाख होतात. तुम्हाला ६० हवेत, म्हणजे पाचशे देणारे बारा हजार. आणि प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांपैकी पाचशे देणारे किती निघतील, हे तुमच्या सोसायटीच्या वर्गणीचं काम एकदा तरी केलं असेल तर तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

वर्गणीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गणपतीची वर्गणी देताना माणसाला एक खात्री असते की चतुर्थीला गणपती बसणार. मंडळाने पैसे कमी पडले तर रोषणाई कमी केली असेल, पण तारीख चुकवली असं होत नाही. गेमला चतुर्थी नसते. सुझुकींचा गेम २०१७ च्या अखेरीस येणार होता, तो आला नोव्हेंबर २०१९ मध्ये. इगाराशींचाही २०१७ चा २०१९ झाला. आणि या दोघांच्या मागे वर्गणीखेरीज दुसरे पैसेवालेही होते. ज्यांच्यामागे फारसं कोणी नव्हतं त्यांचं पाहा: ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ ही नव्वदच्या दशकातली लाडकी मालिका करणारं लोरी आणि कोरी कोल हे जोडपं २०१२ मध्ये ‘हीरो-यू’साठी लोकांकडे गेलं. ४ लाख डॉलर मागितले, जेमतेम ४ लाख ९ हजार मिळाले. वर्षभरात द्यायचा गेम द्यायला २०१८ उजाडलं. मध्ये लोकांकडे दुसऱ्यांदा हात पसरावा लागला, स्वतःच्या डोक्यावर कर्जही झालं. कोल दांपत्य चिवट, गेम त्यांनी दिलाच. पण तुमच्या पत्रातल्या ‘दीड वर्ष’ या शब्दांवर माझी पेन्सिल अडकली ती त्यांच्या आठवणीने.

मी स्वतः अशा एका मोहिमेला पैसे दिले होते. नाव सांगत नाही. चार वर्षांनी टी-शर्ट आला, माझ्या मापाचा नाही. गेम आला तेव्हा तो ज्या यंत्रावर चालणार होता ते मी भाचीला देऊन टाकलं होतं. राग आला का? टी-शर्टचा नाही आला. मधल्या दीड वर्षात त्यांनी एक ओळही कळवली नाही, त्याचा आला.

आता तुम्ही विचाराल, मग मागूच नये का? मागा. पण त्याआधी दोन कामं आहेत आणि ती दोन्ही तुमच्या पत्रात नाहीत.

पहिलं, तुम्ही जे विकायला निघाला आहात ते तुमचं आहे का? ‘कंपनी बंद पडली, आता कोण विचारतंय’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. कंपनी बंद पडते, हक्क बंद पडत नाहीत. ते कोणाच्या तरी फायलीत पडून असतात आणि गेम चालला की फाईल उघडते. नोकरीत असताना केलेल्या कामाचे हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचे. १९५७ चा कॉपीराइट कायदा हेच म्हणतो. त्यामुळे दुसरा आणि तिसरा भाग बहुधा तुमचा नाही. ज्यांनी कंपनी घेतली त्यांचा आहे.

पहिल्या भागाची गोष्ट मात्र निराळी असू शकते. तो तुम्ही घरी केला आणि ‘एका पानाच्या कागदावर’ सही करून विकला, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. हा कागद शोधा! त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये एक तरतूद आहे: हक्क लिहून देताना मुदत नमूद केलेली नसेल तर ती ५ वर्षं समजायची, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजायचा. त्या पानावर ‘कायमचे’ आणि ‘जगभरात’ असे शब्द आहेत की नाहीत, यावर तुमचं बरंच काही अवलंबून आहे. त्या काळी घाईत केलेले असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. निम्म्यांवर तारीखसुद्धा धड नसायची. अर्थात निर्णय माझ्या सांगण्यावर करू नका. कागद सापडला की बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. घरांचे भाडेकरार करणारे वकील यासाठी नकोत.

नाव हा आणखी वेगळा मामला. नाव ट्रेडमार्कमध्ये जातं. सरकारी ट्रेडमार्क नोंदवहीत ऑनलाइन शोध घेता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. नोंदणी दहा वर्षांची असते, नूतनीकरण झालं नसेल तर तिथेच कळेल. नोंदणी चालू असेल पण सलग पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरलंच नसेल, तर ते काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. तो मार्ग वेळखाऊ आहे. मी तुमच्या जागी असते तर आधी त्या घेणाऱ्या कंपनीला साधं, नम्र पत्र लिहिलं असतं: हे नाव तुम्ही वापरत नाही, मला ठरावीक रकमेत किंवा विक्रीतल्या वाट्यावर वापरू द्याल का? कधी कधी लोक ‘हो’ म्हणतात, कारण नाव आपल्याकडे आहे हेच त्यांना तुमच्या पत्रामुळे कळतं. हाच त्यातला धोकाही आहे, म्हणून पत्र वकिलाच्या सल्ल्यानंतर.

आणि नाही मिळालं तर? इथे तुमच्या मनातलं एक गृहीत मला हलवून पाहायचं आहे. ‘नाव नसेल तर चौथा भाग कसला?’ असं तुम्ही लिहिता. इगाराशींकडे ‘कॅसलव्हेनिया’ हे नाव नव्हतं, मुरायामांकडे ‘सुइकोडेन’ नव्हतं. दोन्ही नावं त्यांच्या जुन्या कंपनीची, कोनामीची. दोघांनी नवं नाव घेतलं आणि जुन्या खेळाची चाल तेवढी ठेवली. लोकांनी चाल ओळखली. याउलट सुझुकींना मालक कंपनी सेगाकडून ‘शेनमू’ हे नाव वापरायची परवानगी मिळाली, आणि त्याबरोबर अठरा वर्षं साठलेली अपेक्षाही मिळाली. १९९९ चा पहिला गेम त्या काळातल्या सर्वांत खर्चिक गेमांपैकी एक होता, लोकवर्गणीतून झालेल्या तिसऱ्याचं बजेट त्याच्या आसपासही नव्हतं. नाव जुनं असलं की तुलना जुन्याशी होते, तीही खऱ्या जुन्याशी नाही, आठवणीतल्या जुन्याशी.

रॉन गिल्बर्ट यांची वाट मला तुमच्यासाठी जास्त कामाची वाटते. ‘मंकी आयलंड’चे ते कर्ते. १९९२ मध्ये त्यांनी कंपनी सोडली, नाव मागे राहिलं आणि पुढे कंपनीच विकली गेल्यावर डिस्नेकडे गेलं. २०१४ मध्ये त्यांनी नावाच्या मागे न लागता, जुन्या पद्धतीचा पण नव्या नावाचा ‘थिम्बलवीड पार्क’ मांडला. मागितले पावणेचार लाख डॉलर, मिळाले सव्वासहा लाख. २०१७ मध्ये गेम दिला. आपण अजून हे करू शकतो, हे दिसल्यावर २०२२ मध्ये ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ आला, रीतसर परवानगीने. नाव आधी आणि गेम नंतर, असं झालं नाही.

घाट कोणाच्या मालकीचा नाही, ट्रकही नाही. वळणावर हॉर्न वाजवायची कल्पनाही कोणी नोंदवून ठेवू शकत नाही. चित्रं, कोड, संगीत आणि नाव यांना हात लावू नका, बाकी रस्ता मोकळा आहे.

दुसरं काम. एकच घाट बांधा.

अख्खा गेम नको, तीन प्रदेश नकोत, पावसाळा-उन्हाळा नको. एक घाट, खेळायला दहा मिनिटं. वरंधा घ्या, ताम्हिणी घ्या, तुमच्या आवडीचा कोणताही. त्यातून एका प्रश्नाचं उत्तर शोधा. हा प्रश्न मी गेले आठ दिवस मनात घोळवते आहे: तुमच्या गेममध्ये हॉर्न पाचच्या बटणावर होता. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असायचा, न बघता बोटाला कळणारा. म्हणून तर मुलं बाकाखाली फोन धरून, डोळे फळ्याकडे ठेवून तुमचा ट्रक हाकायची. चारला डावीकडे, सहाला उजवीकडे, पाचला हॉर्न. लोकांना आठवतो तो ट्रक नव्हे, तो अंगठा आठवतो. आजच्या फोनला काच आहे. काचेवर उंचवटा नाही. मग त्या अंगठ्याच्या जागी तुम्ही काय देणार? याचं उत्तर ‘सुंदर ग्राफिक्स’ हे नाही. ते काय आहे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असू शकेल, कारण तुम्ही ६४ केबीत घाट बसवला होता. पण ते कागदावर सापडणार नाही, करून पाहूनच सापडेल.

तो घाट वीस जणांच्या हाती द्या. त्यातले निदान दहा जण जुना गेम कधीही न खेळलेले, आत्ता कॉलेजात असलेले हवेत. मागे उभे राहा आणि तोंड मिटून बघा. समजावून सांगायचा मोह होईल, त्या क्षणी चहा प्या. दहा मिनिटं संपल्यावर त्या पोरांनी स्वतःहून पुन्हा सुरू केला, तर तुमच्याकडे गेम आहे. नाही केला, तर तुमच्याकडे आठवण आहे, आणि तीवर दीड कोटी लावायचे नाहीत.

इथे घरच्या पैशांचा प्रश्न येतो. या एका घाटासाठी घरचे पैसे घाला, पण ठरवून, वेगळ्या खात्यात, आणि पीएफला हात न लावता. सहा-आठ महिने आणि सात-आठ लाख, असं काहीतरी. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी चित्रं आणि आवाज करणारे कोणी अजून संपर्कात असतील तर त्यांना आत्ताच हाक मारा. पत्रात सगळीकडे ‘मी’ आहे, तीन भाग एकट्याने झाले नसणार. रक्कम किती, हे मात्र तुम्ही ठरवू नका. ‘तुमच्या मनाला येईल ते करा’ या वाक्याचा आपल्या घरांत काय अर्थ होतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? तो होकार नाही. अनेकदा बोलून थकलेल्या माणसाचं ते वाक्य असतं. एका रविवारी वहिनींसमोर सगळे आकडे मांडा: ठेवी किती, पीएफ किती, महिन्याचा खर्च किती, नोकरी सुटल्यावर आरोग्य विम्याचं काय केलं. मग कागद त्यांच्याकडे सरकवा आणि म्हणा, यातून कमाल किती, तो आकडा तू लिही. त्यांनी शून्य लिहिलं तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवून जा. शून्यातही एक घाट होतो, फक्त जास्त रात्री लागतात. पहिला भाग तुम्ही तसाच केला होता.

मित्राच्या ४० लाखांबद्दल थोडक्यात: ते कर्ज आहे की भागीदारी, हे दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि मग कागद बदलून वाचा. उत्तरं जुळली नाहीत तर एक रुपयाही घेऊ नका.

घाट उभा राहिला की मग पैशाच्या दारी जायचं. आणि माझ्या मते पहिलं दार लोकांचं नाही. आपल्याकडे आता नवे गेम पाहणारे लोक आहेत: सोनीचा ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’, क्राफ्टन या गेम कंपनीचा भारतातला इन्क्युबेटर, म्हणजे नवख्यांना हात देणारा उपक्रम, शिवाय आपल्याकडे भरणारी गेम डेव्हलपर्सची परिषद, जिथे परदेशी पब्लिशरही येतात. यातलं कोणीही तुमच्या प्रतिक्रियांचा स्क्रीनशॉट पाहून पैसे देणार नाही, पण खेळता येणारी दहा मिनिटं हातात दिलीत तर नीट खेळून पाहतील. पब्लिशरचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि विक्री सुरू झाली की आधी तो आपला खर्च वसूल करतो, मग तुमचा वाटा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एक कलम मात्र हट्टाने घालून घ्या: कंपनी बंद पडली, विकली गेली किंवा तिने गेम विकणं थांबवलं, तर ठरावीक मुदतीत हक्क माझ्याकडे परत. २००४ मध्ये हे कलम असतं तर आज तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

लोकांकडे जायचं ते त्यानंतर, आणि छोट्या रकमेसाठी. इगाराशींनी तेच केलं होतं. पब्लिशर नाही म्हणत होते. खर्चाचा मोठा भाग उचलायला पैसेवाले तयार झाले, पण आधी मागणी दाखवा म्हणाले. ५ लाख डॉलर ही गेमची किंमत नव्हती, पुराव्याची होती. तुम्हीही दहा लाख मागा, बारा मागा, पण स्पष्ट लिहा की एवढ्यात गेम होत नाही, बाकीचे असे असे येणार आहेत. लपवलंत तर लोकांना वाटतं दहा लाखांत गेम होतो, आणि उशीर झाला की ते विचारतात, आमचे पैसे गेले कुठे? जास्त मिळाले म्हणून जास्त वचनं देऊ नका. ‘मेगा मॅन’मुळे ओळखले जाणारे केजी इनाफुने यांनी २०१३ मध्ये ९ लाख डॉलर मागितले आणि ३८ लाखांवर मिळवले. त्या भरात ढीगभर यंत्रांसाठी गेम द्यायचं कबूल केलं. तो २०१६ मध्ये आला तेव्हा देणाऱ्यांपैकी पुष्कळांचा विरस झाला होता.

व्यवहाराच्या काही गोष्टी. किकस्टार्टर भारतातल्या निर्मात्यांना थेट वापरता येत नाही, तिथे जायचं तर परदेशात कोणीतरी भागीदार लागतो. किकस्टार्टरचे स्वतःचे ५ टक्के, पैसे वळते करण्याचे आणखी ३ ते ५. पुढे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकलात तर प्रत्येक विक्रीतले ३० टक्के त्यांचे. लोकांनी दिलेले पैसे ही देणगी नव्हे, आगाऊ विक्री आहे, त्यामुळे कर लागू शकतो. सीएला मोहिमेच्या आधी भेटा, नंतर नाही. आणि ‘नफ्यात वाटा देईन’ असं जाहीरपणे चुकूनही म्हणू नका, तो थेट सेबीच्या हद्दीतला विषय आहे. टी-शर्ट तर नकोच नको. त्याऐवजी देणाऱ्यांची नावं ट्रकच्या मागे लिहा, ‘हॉर्न ओके प्लीज’च्या खाली. त्याला कुरिअर लागत नाही.

मोहीम फसली तर? तुमच्याच गावातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी २०१७ मध्ये किकस्टार्टर केलं. रक्कम पूर्ण झाली नाही, आणि तिथे पूर्ण नाही तर काहीच मिळत नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत गेला. हे हुरूप यावा म्हणून सांगत नाही. मधली तीन वर्षं कशी काढली असतील याचा विचार करा. मुद्दा एवढाच, की मोहीम हा गेमचा पाया असेल तर ती पडल्यावर सगळं पडतं. एका भिंतीइतकीच असेल तर घर उभं राहतं.

मुरायामांबद्दल एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. त्यांनी पैसे उभे केले, मोठ्या गेमच्या आधी एक छोटा गेम लोकांच्या हाती दिला, लोकांना धीर दिला. मोठा गेम एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आला. ते त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले, वयाच्या ५५ व्या वर्षी. गेम आला, कारण तो पूर्ण करणारी माणसं त्यांच्या शेजारी होती. तुम्हाला घाबरवायचं नाही. पण तुम्ही महिनाभर आडवे झालात तर हा ट्रक कोण हाकेल, त्या माणसाचं नाव पब्लिशरला सांगण्याआधी तुमच्या वहीत असू द्या.

याच सुमाराला मला आणखी दोन पत्रं आली आहेत. एका बाईंना सासऱ्यांचा बंद पडलेला दिवाळी अंक पुन्हा काढायचा आहे. एका गृहस्थांना त्यांच्या तरुणपणी गाजलेली एकांकिका नव्या संचात उभी करायची आहे. दोघांनीही ‘लोक अजून विचारतात’ असं लिहिलं आहे. त्यांनीही वरचंच उत्तर आपलं समजावं. विचारणाऱ्यांपैकी अंक तेव्हा विकत घेणारे किती होते आणि वाचनालयातून आणून वाचणारे किती, तेवढं आधी शोधा. आणि मग एक लेख, एक प्रवेश, काहीतरी एक करून अनोळखी माणसांसमोर ठेवा.

तुमचं पहिलं काम मात्र आजच करता येण्यासारखं आहे. तो एका पानाचा कागद. कंपनीच्या फायलींत शोधू नका, त्या तुमच्याकडे नसतीलच. २००४ च्या सुमाराची पासबुकं, विजेची बिलं, स्कूटरचे विम्याचे कागद जिथे बांधून ठेवले असतील, तिथे बघा. आणि नाही सापडलं तर वहिनींना विचारा. तो कुठे आहे ते त्यांना माहीत असण्याची शक्यता जास्त आहे.